तोल आणि नेम : लहान मेंदूच्या बिघाडाची तपासणी आणि कारणे

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या अगदी वर, मोठ्या मेंदूच्या खाली लहान मेंदू असतो. शास्त्रीय ग्रंथांत त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश. पेशींची मोजदाद केली तर चित्र उलटे होते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. हालचाल सुरू करणे हे त्याचे काम नव्हे. ती आज्ञा मोठ्या मेंदूतून निघते. हात किती वेगाने न्यायचा, किती जोर लावायचा आणि नेमके कुठे थांबायचे, याचा हिशेब लहान मेंदू ठेवतो. तो बिघडला तर हातपाय लुळे पडत नाहीत, संवेदनाही जात नाहीत. स्नायूंत बळ असते, पण हालचालीला नेम राहत नाही आणि शरीराला तोल राहत नाही. या अवस्थेला ॲटॅक्सिया म्हणतात.

लहान मेंदूचे भाग कामांप्रमाणे वाटलेले आहेत, आणि तपासणीचा सगळा तर्क या वाटणीवर उभा आहे. मधोमध असलेली अरुंद पट्टी, म्हणजे व्हर्मिस, धडाचा तोल आणि चाल सांभाळते. दोन्ही बाजूंचे गोलार्ध हातापायांच्या नेमक्या हालचाली पाहतात. तळाशी असलेला छोटा खंड कानातल्या तोल-यंत्रणेशी जोडलेला असून डोळ्यांच्या हालचालींवर त्याचा ताबा असतो. त्यामुळे एखाद्याची चाल पार बिघडलेली असूनही पलंगावर झोपवल्यावर त्याचे हातपाय जवळपास बिनचूक चालतात. अशा रुग्णात दोष मधल्या पट्टीत शोधावा लागतो. दुसऱ्या कुणाचा फक्त उजवा हात चुकतो, तेव्हा दोष उजव्या गोलार्धात असतो. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, पण लहान मेंदूच्या बाबतीत बाजू तीच राहते. लहान मेंदूतून निघणारे तंतू मध्यमेंदूत एकदा बाजू बदलतात आणि मोठ्या मेंदूतून खाली येणारे तंतू लंबमज्जेत पुन्हा बदलतात, म्हणून हिशेब मूळ बाजूलाच येऊन मिळतो.

हे ज्ञान हळूहळू गोळा झाले. फ्रान्समध्ये पिएर फ्लूराँ यांनी १८२४ मध्ये पक्ष्यांवरील प्रयोगांतून दाखवले की लहान मेंदू काढला तरी हालचाल नाहीशी होत नाही, तिचा मेळ जातो. माणसातले सर्वांत बारकाईचे निरीक्षण मात्र युद्धाने घडवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयांत डोक्याच्या मागच्या खालच्या भागाला गोळी किंवा छर्रा लागलेले तरुण सैनिक येत होते. जखम ताजी, जागा नेमकी आणि दुसरा कुठला आजार नाही, असे रुग्ण तपासून ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी १९१७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. जखमेच्या बाजूचा हात उशिरा हलू लागतो, उशिरा थांबतो, अंतराचा अंदाज चुकवतो, आणि अनेक सांध्यांची एकत्र हालचाल सुटी सुटी होते, हे त्यांनी नोंदवले. अशाच एका रुग्णाने सांगितले होते की चांगला हात आपोआप चालतो, पण बिघडलेल्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदूच्या विकाराचे याहून नेमके वर्णन आजही सापडत नाही. शंभर वर्षांनंतरही रुग्णाच्या खाटेपाशी होणारी तपासणी बहुतांशी होम्स यांच्याच वाटेने जाते.

तपासणी सुरू होते ती ऐकण्यापासून. रुग्ण बहुधा ‘चक्कर येते’ एवढेच म्हणतो, आणि या शब्दात फार गोष्टी मावतात : डोके हलके होणे, आजूबाजूचे फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि नुसता तोल जाणे. लहान मेंदूच्या रुग्णाला बसल्या जागी सहसा काही वाटत नाही. उभा राहिला, वळला किंवा जिना उतरू लागला की तो लटपटतो. मग रोजची कामे विचारावीत. भाताचा घास तोंडाजवळ येता येता सांडतो का? तांब्यातून वरून पाणी पिताना धार चुकते का? शर्टाची बटणे, सुईत दोरा, कुलपात किल्ली, यांत कुठे अडते? अक्षर बदलले आहे का? बोलणे ऐकून फोनवरच्या माणसाला ‘दारू प्यायला आहे’ असे वाटले का? हा शेवटचा प्रश्न विचारताना फार जपावे लागते, कारण अशा रुग्णांनी हा आरोप शेजाऱ्यांकडून, बसच्या कंडक्टरकडून, कधी घरच्यांकडूनही ऐकलेला असतो. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसाला तो अपमान आजाराइतकाच लागतो.

पुढची पायरी म्हणजे रुग्णाला चालायला लावणे, आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी हीच राहून जाते. खुर्चीत बसवून हातपाय तपासले आणि सगळे ठीक दिसले म्हणून रुग्णाला घरी पाठवले, तर व्हर्मिसचा विकार हमखास निसटतो. चपला काढून, मोकळ्या जागेत, आठ-दहा पावले जाऊन वळून परत यायला सांगावे. लहान मेंदूच्या रुग्णाचे पाय फाकलेले असतात, पावले कमीजास्त लांबीची पडतात, अंग एका बाजूला झुकते आणि वळताना दोष सर्वांत उघड होतो. एका गोलार्धात बिघाड असेल तर झोक त्याच बाजूला जातो. सौम्य दोष साध्या चालीत लपतो. म्हणून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत, सरळ रेषेत चालायला सांगतात. सुरुवातीच्या रुग्णात ही एकच चाचणी बिघडलेली आढळू शकते. मात्र सत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसालाही ती अवघड जाते, तेव्हा तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तपासणाऱ्याने शेजारी हात पुढे करून चालावे. पडून माकडहाड मोडलेला रुग्ण तपासणीचा दोष सहज माफ करत नाही.

त्यानंतर पाय जुळवून उभे राहायला आणि मग डोळे मिटायला सांगतात. जर्मन वैद्य रोम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी लहान मेंदूची आहे, असा समज विद्यार्थ्यांत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाच डुलतो. डोळे उघडे असेपर्यंत जो स्थिर उभा राहतो आणि मिटताच कोसळू लागतो, त्याच्या पायांकडून येणारी स्थितीची जाणीव हरवलेली असते. दोष पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात किंवा पायांच्या चेतांमध्ये असतो. त्याची गोष्टही वेगळी असते. अंधारात चालता येत नाही, आंघोळीला डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की झोक जातो, पायातली चप्पल निसटते आणि ती मागे राहिल्याचे कळतही नाही. असा माणूस पाय आपटत आणि जमिनीकडे बघत चालतो. घोट्याजवळच्या हाडावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवला तर त्याला थरथर जाणवत नाही. आपल्याकडे पक्के शाकाहारी लोक पुष्कळ असल्याने ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून येणारा हा प्रकार नेहमी दिसतो. तो लहान मेंदूच्या खात्यावर मांडला गेला तर साध्या इंजेक्शनांनी सुधारणारा आजार वाढत जातो.

ज्यांचा धडाचा तोल फार बिघडला आहे त्यांना उभे राहणे सोडाच, हाताचा आधार न घेता बसताही येत नाही. मांडी घालून, हात छातीशी बांधून बसवले की धड पुढेमागे डोलते, कधी डोकेही ‘हो-हो’ किंवा ‘नाही-नाही’ म्हणत असल्यासारखे हलत राहते. उकिडवे बसून उठता न येणे हे मात्र बहुधा मांड्यांच्या स्नायूंच्या अशक्तपणाचे लक्षण असते.

आता डोळे. तपासणाऱ्याने आपले बोट रुग्णासमोर हातभर अंतरावर धरून सावकाश डावी-उजवीकडे, वर-खाली न्यावे आणि डोके न हलवता त्याकडे बघायला सांगावे. निरोगी डोळा बोटामागे सरळ, अखंड सरकतो. लहान मेंदूच्या विकारात तो धक्के खात जातो. नजर बाजूला रोखून धरली तर ती टिकत नाही. डोळा हळूच मध्याकडे घसरतो आणि झटक्याने पुन्हा बाजूला येतो. हे सतत चालू राहते, यालाच निस्टॅग्मस म्हणतात. उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे झटके येणे ही मेंदूतल्या दोषाची खूण आहे. कानाच्या आजारात झटक्यांची दिशा सहसा एकच राहते. समोर बघताना डोळे खालच्या दिशेने झटकत असतील तर कवटीच्या तळाशी, जिथे मेंदू मज्जारज्जूला मिळतो तिथे, काही दबाव आहे का ते पाहावे लागते. जन्मजात रचनेमुळे लहान मेंदूचा खालचा भाग मणक्याच्या पोकळीत उतरलेला असणे, म्हणजे कियारी विकृती, हे त्याचे एक कारण. नजर एका वस्तूवरून दुसरीवर चटकन नेताना डोळा लक्ष्य ओलांडून पुढे जातो आणि मग मागे येतो. हाताच्या नेमात पुढे जो दोष दिसणार आहे, त्याचाच हा डोळ्यातला प्रकार.

बोलणे तपासायला वेगळे काही लागत नाही. रुग्ण आपली हकिकत सांगत असतानाच ते कळते. शब्द जाडे होतात, अक्षरे तुटक पडतात, आवाज मध्येच मोठा, मध्येच बारीक होतो. खात्री करायला ‘प-त-क, प-त-क’ असे भराभर म्हणायला सांगतात किंवा ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणायला लावतात. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ मध्ये तुटक बोलणे, निस्टॅग्मस आणि हेतू-कंप, म्हणजे लक्ष्याजवळ जाताना वाढणारा हाताचा कंप, हे त्रिकूट मल्टिपल स्क्लेरोसिसचे म्हणून मांडले. ही तिन्ही लक्षणे मुळात लहान मेंदू व त्याच्या जोडण्यांची आहेत, त्यामुळे ती इतर अनेक आजारांतही एकत्र दिसतात.

हाताची सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे बोट-नाक चाचणी. ती सोपी दिसते आणि म्हणूनच बहुतेक वेळा चुकीची केली जाते. रुग्णाने तर्जनीने आपल्या नाकाच्या शेंड्याला आणि मग तपासणाऱ्याच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायचा असतो. तपासणाऱ्याचे बोट इतके दूर हवे की ते गाठायला रुग्णाचा हात पूर्ण लांब व्हावा. बोट जवळ धरले तर कोपर वाकलेलाच राहतो आणि सौम्य दोष दिसत नाही. हालचाल फार घाईत करायलाही सांगू नये. आता नीट पाहावे. हात निघतो तेव्हा बहुधा ठीक असतो. लक्ष्य चार-सहा बोटे उरले की तो बाजूबाजूला डगमगू लागतो, जवळ जाईल तसे डगमगणे वाढते आणि शेवटी बोट लक्ष्याच्या पलीकडे जाते किंवा अलीकडेच थबकते. गालाला, कधी डोळ्यालाही लागते. हाच हेतू-कंप. पार्किन्सनच्या आजारातला कंप याच्या उलट वागतो. हात मांडीवर विसावलेला असताना तो असतो आणि कामाला लावल्यावर कमी होतो. अत्यावश्यक कंप नावाच्या तिसऱ्या, बऱ्याच सामान्य प्रकारात हात समोर धरून ठेवल्यावर सतत बारीक थरथरतो, पण नेम चुकत नाही. कपातला चहा सांडतो या एकाच तक्रारीमागे हे तिन्ही असू शकतात आणि तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

यानंतर एका तळव्यावर दुसरा हात एकदा पालथा, एकदा उताणा असा भराभर आपटायला सांगतात. लहान मेंदूच्या रुग्णाचा ताल चुकतो. एक थाप जोरात, दुसरी हलकी, तिसरी बाजूला. डोळे मिटूनही कानाने हा दोष ऐकू येतो. पायासाठी उताणे झोपवून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून नडगीवरून घोट्यापर्यंत सरकवायला सांगतात. टाच नडगीवरून दोन्ही बाजूंना घसरते. स्ट्युअर्ट आणि होम्स यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेली एक चाचणी लक्षात राहण्यासारखी आहे. रुग्णाने कोपर वाकवून हात आपल्याकडे ओढायचा, तपासणाऱ्याने मनगट धरून विरोध करायचा आणि अचानक सोडायचे. निरोगी माणूस तत्काळ हात थोपवतो. लहान मेंदूच्या रुग्णाला ब्रेक लागत नाही आणि त्याची मूठ त्याच्याच तोंडावर आदळू शकते. म्हणून तपासणाऱ्याने आपला दुसरा हात रुग्णाच्या चेहऱ्यासमोर आधीच धरलेला असावा. स्नायूंचा ताण कमी झाल्यामुळे, पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय घड्याळाच्या लंबकासारखा अनेक वेळा झुलत राहतो.

कागद आणि पेनही उपयोगी पडते. नाव आणि एक गोल वळणांची चक्राकार रेषा काढायला सांगावी. लहान मेंदूच्या विकारात अक्षरे मोठी व वेडीवाकडी होतात, तर पार्किन्सनमध्ये लिहिता लिहिता बारीक होत जातात. तो कागद तारीख घालून जपून ठेवला तर सहा महिन्यांनी आजार वाढला की थांबला हे त्यावरूनही कळते. मोजमापासाठी २००६ पासून ‘सारा’ नावाची गुणपद्धत वापरात आहे. चाल, उभे राहणे, बसणे, बोलणे आणि हातापायांच्या चार चाचण्या मिळून ० ते ४० असे गुण दिले जातात. गुण जितके जास्त तितका आजार तीव्र.

या तपासणीत एक सापळा आहे. हात अशक्त असेल तरी तो डगमगतो आणि नेम चुकतो. म्हणून आधी ताकद आणि संवेदना तपासाव्यात आणि अशक्तपणाच्या मानाने नेम जास्त चुकतो आहे का, हे ठरवावे. लहान मेंदूचा संबंध हालचालीपुरता नाही, हेही अलीकडे मान्य झाले आहे. जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शेर्मन यांनी १९९८ मध्ये दाखवले की लहान मेंदूच्या इजेनंतर काही रुग्णांत योजना आखणे, शब्द आठवणे आणि भावनांवर ताबा ठेवणे यांतही फरक पडतो. म्हणून ‘स्वभाव बदलला’ ही घरच्यांची तक्रार ऐकून घ्यावी.

तपासणीने जागा कळली, की कारण शोधताना सर्वांत मोठा धागा मिळतो तो काळाचा. आजार काही मिनिटांत आला, काही दिवसांत आला, काही आठवड्यांत की वर्षानुवर्षे रेंगाळत आला, एवढ्या एका उत्तराने निम्म्याहून अधिक कारणे बाद होतात.

मिनिटांत किंवा तासांत आलेला बिघाड रक्तवाहिनीचा, म्हणजे पक्षाघाताचा, समजावा. लहान मेंदूला तीन जोड रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. त्यांतली एखादी गुठळीने बंद झाली किंवा उच्च रक्तदाबाने फुटली की अचानक गरगरते, उलट्या होतात, मागे डोके दुखते आणि चालता येत नाही. हातपाय चालतात, चेहरा वाकडा नसतो, म्हणून ‘पित्त झाले’, ‘कानाची चक्कर आहे’ असे म्हणून रुग्णाला घरी पाठवण्याचा धोका इथे सर्वाधिक असतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णात डोळ्यांच्या तीन छोट्या चाचण्या फार मोलाच्या ठरतात. समोर नजर रोखायला सांगून डोके झटकन वळवले तर कानाच्या आजारात नजर सुटते आणि पुन्हा जागेवर येते. पक्षाघातात ती बहुधा टिकून राहते. झटक्यांची दिशा बदलणे आणि एक डोळा वर आणि दुसरा खाली सरकणे या उरलेल्या दोन खुणाही मेंदूकडे बोट दाखवतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव चटकन दिसतो, पण नुकताच रक्तपुरवठा बंद झालेला भाग कवटीच्या या मागच्या कोपऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयमध्येही तो निसटू शकतो. या जागेत मोकळीक अजिबात नसते. सूज बहुधा तिसऱ्या दिवसाच्या आसपास कळसाला पोहोचते, मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि शेजारचा मेंदूस्तंभ दाबला जातो. काल बोलणारा रुग्ण आज गुंगीत जाऊ लागला, तर वेळेवर केलेली शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि असे रुग्ण पुष्कळदा चांगले सावरतात.

तास-दिवसांच्या हिशेबातले दुसरे मोठे कारण म्हणजे औषधे आणि विष. दारूची नशा हा लहान मेंदूचा तात्पुरता बिघाडच असतो. औषधांमध्ये फेनिटॉइन हे अपस्मारावरचे जुने, स्वस्त आणि प्रभावी औषध पहिले आठवावे. यकृताची ते फोडण्याची क्षमता एका मर्यादेला संपते, त्यानंतर मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातले प्रमाण उडी मारून वाढते. प्रमाण मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की निस्टॅग्मस आणि ३० च्या वर गेले की चाल बिघडणे, असा ढोबळ क्रम आहे. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड सुरू केले तरीही फेनिटॉइन साठू लागते. फिट येणाऱ्या आणि टीबीची औषधे घेणाऱ्या रुग्णाचा अचानक तोल जाऊ लागला, तर स्कॅनआधी गोळ्यांची पाकिटे मागवून बघावीत. मनोविकारांसाठी दिले जाणारे लिथियमही असेच साठते, आणि त्याची इजा कधी कायमची राहते. मेट्रोनिडाझॉल दीर्घकाळ घेतल्याने होणारा दोष मात्र औषध बंद केल्यावर बहुधा जातो.

थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपल्याने होणारा वेर्निके विकार दारू पिणाऱ्यांत दिसतो, तसाच गरोदरपणातल्या सततच्या उलट्यांनी किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खाणे तुटलेल्यांतही. तोल जाणे, डोळे न फिरणे आणि गोंधळ ही त्याची लक्षणे. तिन्ही एकत्र असतीलच असे नाही. संशय आला की थायमिन शिरेतून लगेच द्यावे, आणि ग्लुकोजची बाटली लावायची झाल्यास थायमिन आधी. उष्माघात हे आपल्या प्रदेशाला लागू पडणारे कारण आहे. लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या विदर्भाच्या उन्हाळ्यात उष्माघातातून वाचलेल्या माणसाचे बोलणे आणि चाल कायमची बिघडलेली राहू शकते. शरीर जितक्या लवकर थंड केले जाईल तितकी ही हानी कमी.

लहान मुलांत कारणांची यादी बदलते. कांजिण्या किंवा दुसरा विषाणुजन्य ताप बरा झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत धावते-खेळते मूल एकाएकी झोकांड्या खाऊ लागते. पालक घाबरून जातात, पण बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप पूर्ण बरी होतात. याच्या उलट, सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि उलटी, मग दिवसभर बरे वाटणे, आणि हळूहळू चाल बिघडणे, ही गोष्ट ट्यूमरची असते. व्हर्मिसमधला मेड्युलोब्लास्टोमा आणि गोलार्धातला ॲस्ट्रोसायटोमा हे मुलांमधले नेहमीचे प्रकार. दुसरा बऱ्याचदा शस्त्रक्रियेने पूर्ण जातो. अशा मुलाला महिनाभर जंताचे किंवा पित्ताचे औषध देत राहणे फार महागात पडते.

संसर्गांमध्ये कान वाहणे विसरू नये. वर्षानुवर्षे दुर्गंधी पू येणाऱ्या कानातून संसर्ग हाडामधून आत शिरतो आणि त्याच बाजूच्या लहान मेंदूत गळू होते. क्षयाच्या गाठीही या भागात होतात. फॅल्सिपेरम मलेरियाचा ताप उतरल्यावर काही दिवसांनी येणारा आणि काही आठवड्यांत जाणारा ॲटॅक्सिया श्रीलंकेतल्या व भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवला आहे.

काही आठवडे ते महिन्यांत वाढणारा बिघाड प्रौढांमध्ये आला, तर शरीरात दुसरीकडे कर्करोग आहे का हे शोधावे लागते. कर्करोगाची गाठ लहान मेंदूत पसरलेली असू शकते. किंवा गाठ बीजांडकोशात, स्तनात वा फुप्फुसात असते आणि तिच्याविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती पुर्किंये पेशींचाच नाश करते. अशा वेळी चाल आधी बिघडते आणि कर्करोग नंतर सापडतो. थायरॉइडची कमतरता, गव्हातल्या ग्लुटेनमुळे भडकणारी प्रतिकारशक्ती आणि ई जीवनसत्त्वाचा अभाव ही कारणे संख्येने थोडी आहेत. तरीही ती प्रत्येक रुग्णात तपासावीत, कारण वेळीच सापडली तर त्यांवर उपाय आहे.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांत दारू पुन्हा येते. दीर्घकाळच्या मद्यपानात व्हर्मिसचा वरचा भाग झिजतो, त्यामुळे पाय फार लटपटतात आणि हात त्या मानाने बरे राहतात. दारू थांबवली तर झीज बहुधा तिथेच थांबते. पन्नाशीनंतर सुरू होऊन झपाट्याने वाढणाऱ्या ॲटॅक्सियासोबत उभे राहताच रक्तदाब पडणे आणि लघवीवरचा ताबा जाणे असेल, तर मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी समजावी.

उरतात ते आनुवंशिक आजार. निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८६३ मध्ये हायडेलबर्ग येथे वर्णन केलेला आजार बहुधा २५ वर्षांच्या आत सुरू होतो. आईवडील निरोगी असतात आणि दोघांकडूनही दोष आल्यावरच तो प्रकट होतो. गुडघ्याचे प्रतिक्षेप जातात, पाठ वाकते, हृदयाचे स्नायू जाड होतात. म्हणून या रुग्णाचा ईसीजी आणि इकोही काढावा लागतो. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले आणि २०२३ मध्ये ओमाव्हेलोक्सोलोन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजार मंद करते, बरा करत नाही. दुसरा गट पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सियांचा. आजवर त्यांचे चाळीसहून अधिक प्रकार क्रमांकाने नोंदले गेले आहेत. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता, आणि बऱ्याच प्रकारांत पुढच्या पिढीत आजार आणखी लहान वयात दिसतो.

यातला एक अध्याय मुंबईत लिहिला गेला. डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत मांडली. या रुग्णांची चाल आणि बोलणे इतरांसारखेच बिघडलेले होते, पण त्यांची नजर एका बाजूकडून दुसरीकडे विलक्षण संथ सरकत होती. बघायला सांगितल्यावर डोळ्याच्या आधी मान वळे. उपकरण नाही, जनुकाची चाचणी नाही, केवळ डोळ्यांकडे लक्ष देऊन बघण्यातून एक वेगळा आजार ओळखला गेला. पुढे १९९६ मध्ये स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सियाच्या प्रकार २ चे जनुक सापडले तेव्हा संथ नजर ही त्याचीच ठळक खूण असल्याचे स्पष्ट झाले. भारतात हा प्रकार सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. प्रकार १२ जगात विरळ, पण उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात तो वारंवार दिसतो, आणि त्याची सुरुवात चालीपेक्षा हातांच्या कंपाने होते. म्हणून कुटुंबाचा इतिहास घेताना ‘कुणाला होते का?’ एवढ्यावर थांबू नये. आजोबा काठी घेऊन का चालत, आत्याचे हात का कापत, असे एकेका माणसाबद्दल विचारावे आणि वंशवृक्ष कागदावर काढावा.

या आनुवंशिक प्रकारांपैकी बहुतेकांवर आजार उलटवणारे औषध नाही. तोल आणि समन्वयाचे नियमित व्यायाम मात्र चालण्यात मोजता येण्यासारखी सुधारणा करतात आणि सोडले की ती ओसरते, म्हणून ते रोजच्या रोज हवेत. बाथरूममध्ये धरायला दांडी, पायात मागून पट्टा असलेली सँडल, जड बुडाचा पेला, बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी वाचोपचार, हे सगळे उपचाराचाच भाग आहे. गिळताना ठसका लागू लागला तर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, त्याची तपासणी वेळेवर करावी. जनुकाची चाचणी करण्यापूर्वी समुपदेशन आवश्यक असते, कारण एका माणसाच्या अहवालात भावंडांचे आणि मुलांचेही भविष्य लिहिलेले असते. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची अशी चाचणी, जिथे उपचार उपलब्ध नाहीत तिथे, करत नाहीत. मोठे झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हे त्यांनीच ठरवायचे असते.